पोटातलं घड्याळ आणि आकाशातला दगड

नागपुरात हिस्लॉप कॉलेज कुठं आहे हे कुणालाही विचारा, लगेच सांगेल. ज्यांच्या नावाचं ते कॉलेज, ते स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडहून आलेले मिशनरी. शिकवण्यातून उरलेल्या वेळात नागपूरभोवतीचे दगड हातोडीनं फोडून बघायची त्यांना फार ओढ. शहराजवळच्या टाकळीला, काळ्या पाषाणाच्या थरांमध्ये दबलेल्या मातीत, त्यांना आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांना गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख, फळं, बिया असं बरंच काही सापडलं. म्हणजे लाव्ह्याचा एक लोट थिजून गेल्यावर आणि दुसरा यायच्या आधी इथं तळं होतं. त्यात जीव होते. काठावर झाडं होती. १८६३च्या सप्टेंबरात टाकळघाटहून परतताना पूर आलेल्या नाल्यात हिस्लॉप बुडून गेले.

सव्वाशे वर्षांनी, १९८८ साली, जी. व्ही. आर. प्रसाद आणि अशोक साहनी या दोन शास्त्रज्ञांनी 'नेचर'मध्ये काही दातांची माहिती छापली. दात मिळाले हैदराबादच्या पश्चिमेला नास्कल या गावाजवळ, लाव्ह्याच्या थरांमध्ये सापडलेल्या तशाच तळ्याच्या मातीत. डायनोसॉरांच्या शेवटच्या, म्हणजे क्रिटेशस काळातला भारतात सापडलेला हा पहिला सस्तन प्राणी. त्याचं नाव ठेवलं डेक्कनोलेस्टेस हिस्लोपी. ग्रीकमध्ये 'लेस्टेस' म्हणजे लुटारू. दख्खनचा लुटारू, आणि आडनाव नागपूरच्या मास्तरांचं.

हे दात मोहरीच्या दाण्याएवढे असतात. ते उघड्या डोळ्यांनी शोधायचे नसतातच. थरातली माती पोत्यांत भरून आणायची, भिजत घालायची, बारीक जाळीच्या चाळण्यांतून धुवायची, वर राहिलेला चुरा वाळवायचा आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या ब्रशनं एकेक कण बाजूला सारत बसायचं. कितीतरी किलो मातीतून एखादा दात हाती लागतो. या चिकाटीपुढे मला नेहमी हात जोडावेसे वाटतात.

एवढ्याशा दातावरून काय कळतं? बरंच कळतं. त्यावर सुईसारखी टोकं आहेत. वरच्या दाढेचं टोक खालच्या दाढेच्या खळग्यात बसतं आणि बाजूच्या कडा कात्रीसारख्या एकमेकींवरून सरकतात. किड्याचं कठीण कवच आधी फोडायचं आणि मग चिरायचं, ही दोन्ही कामं एकाच चाव्यात होतात. पुढे घोट्याची हाडं मिळाली, त्यांवरून तो झाडावर चढणारा होता हेही समजलं. अंगानं चिचुंद्रीच्या आसपासचा.

चिचुंद्री आपल्या सगळ्यांच्या ओळखीची. रात्री स्वयंपाकघरात दिवा लावला की भिंतीच्या कडेकडेनं लांब नाक हलवत पळते. तिला उंदीर समजून आपण झाडू उचलतो, पण ती उंदीर नव्हे, ती किडे खाणारी. तिच्या जातकुळीतल्या सगळ्यात लहान प्राण्यांना काही तास खायला मिळालं नाही तर ते मरतात. अंग जितकं लहान तितकी त्यातली ऊब लवकर निसटते, आणि ती भरून काढायला सतत खावं लागतं. अशा प्राण्याच्या पोटात एक घड्याळ असतं आणि ते कायम उलटं चालत असतं.

डायनोसॉरांचा अंत करणारा दगड पृथ्वीवर आदळला, त्या दिवशी आकाशातही एक घड्याळ उलटं चाललं होतं. या दोन घड्याळांचा हा घटनाक्रम आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून टाकते. नास्कलचा थर सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीच्या त्या आघाताआधीच्या शेवटच्या लाखभर वर्षांतला आहे, हे अलीकडच्या कालमापनातून समोर आलं आहे. त्यामुळे हा प्राणी या प्रलयाचा साक्षीदार म्हणून घेणं अवाजवी नाही. पुढची एकटी मादी मात्र माझ्या कल्पनेतली, आणि आघाताच्या वेळी दख्खनवर मध्यरात्र होती हेही मीच धरलं आहे. बाकीचं दगडांनी आणि गणितांनी सांगितलेलं आहे.

आघाताला २४ तास

मध्यरात्र. मादी एका फांदीवरून खोडाकडे सरकते आहे. साल सुटलेली आहे आणि सालीखाली काहीतरी कुरतडतं आहे. ती थांबते, मिशा पुढे काढते, नाक सालीच्या फटीला लावते. मग झडप. भुंगेरा आहे, पाठीवरचं कवच टणक. ती दोन्ही पुढच्या पायांत तो धरते, डोक्याकडून तोंडात घालते, जबडा एका बाजूला ढकलते. कवच तडकतं. पंख खाली पडतात. उरलेलं सगळं पोटात. मग ती मिशा पुसते आणि पुन्हा नाक वर करते, कारण एका भुंगेऱ्यानं काही होत नाही.

त्याच वेळी दगड पृथ्वीपासून साधारण पंधरा लाख किलोमीटरांवर आहे, चंद्राच्या जवळजवळ चौपट अंतरावर. त्याची रुंदी दहा-बारा किलोमीटर. दादरला लोकलमध्ये बसून अंधेरीला उतरलात तर जेवढे रूळ मागे पडतात, तेवढी.

आघाताला १५ तास

सकाळ. ती ढोलीत अंगाचं वेटोळं करून झोपली आहे.

बाहेरचा देश आज ओळखू येणार नाही. भारत आशियाला जोडलेला नाही. तो विषुववृत्ताच्या दक्षिणेला, चारी बाजूंनी समुद्र असलेला, उत्तरेकडे सरकत चाललेला भूखंड आहे. हिमालय अजून उभाच राहिलेला नाही. झाडांत ताडामाडाच्या जाती आहेत, फुलझाडंही आहेत. गवतसुद्धा होतं, याचा पुरावा चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याच्या डायनोसॉरांच्या अश्मीभूत शेणात मिळाला. २००५ साली ही गोष्ट जाहीर झाली, तोवर डायनोसॉरांनी गवत पाहिलंच नाही असं सगळे धरून चालले होते. याच जिल्ह्यातल्या डोंगरगावला आयसिसॉरस या लांब मानेच्या, अजस्र शाकाहारी डायनोसॉरची हाडं निघाली. उत्तरेला नर्मदेकाठी राजासॉरस हा मांसाहारी होता.

आणि जमिनीच्या भेगांमधून लाव्हा येतो आहे. हे टोकदार शिखराचे ज्वालामुखी नव्हेत. लांबच लांब चिरा पडतात, त्यातून पातळ लाव्हा पसरतो, थिजतो. मग शेकडो, हजारो वर्षं शांतता. माती तयार होते, झाडं रुजतात, तळी साचतात. आणि एक दिवस पुन्हा लोट. पुणे-मुंबई गाडीत खंडाळ्याच्या घाटात खिडकीशी बसलात तर काळ्या कड्यात मधूनच एक तांबडा पट्टा दिसतो. तो पट्टा म्हणजे अशीच एक शांतता. मी दर वेळी तो शोधते. कधी बोगदा आड येतो, कधी पाऊस.

मादीच्या कित्येक पिढ्या अशा दोन लोटांमधल्या सवडीत जन्मल्या आणि मेल्या. तिच्या घराण्याला उद्ध्वस्त मुलूख नवा नव्हता. माझ्या मते या सगळ्या हकिकतीतली ही फार महत्त्वाची गोष्ट आहे, आणि ती पुरेशी सांगितली जात नाही. दगड जिथं पडला त्या युकातानच्या विवराचं वर्णन सगळीकडे असतं. ज्या भूमीवर लाखो वर्षं आधीच राख, गंधकाचा धूर आणि वितळलेला दगड यांच्या शेजारी संसार चालले होते, त्या आपल्या भूमीवर तो दिवस कसा गेला, हे मात्र कुणी विचारत नाही.

आघाताला ६ तास

संध्याकाळ. दगड नुकताच चंद्राच्या अंतराच्या आत आला आहे.

मादी ढोलीच्या तोंडाशी येते. दिवसभराच्या झोपेनं पोट रिकामं झालं आहे. उजेड पूर्ण जाईपर्यंत ती थांबते, कारण दिवस तिचा नाही. गेली पंधरा कोटी वर्षं दिवस डायनोसॉरांचा आणि रात्र अशा लहान लहान केसाळ प्राण्यांची, अशी वाटणी झालेली आहे. खाली तळ्यात कासव आहे, मगर आहे, जाड चकचकीत खवल्यांचे गार मासे आहेत. नास्कलच्या मातीत या सगळ्यांचे अवशेष तिच्या दातांबरोबर एकत्रच मिळाले. बेडकांचा गलका सुरू होतो.

आघाताला १ तास

दगड साठ-पासष्ट हजार किलोमीटरांवर आला आहे, म्हणजे पृथ्वीच्या व्यासाच्या पाचपट. पृथ्वी आता त्याला ओढते आहे आणि त्याचा वेग वाढतो आहे.

मादीचं पोट अर्धं भरलं आहे. ती झाडावरून खाली उतरली आहे. मुळांशी पालापाचोळा कुजतो आहे आणि त्यात हुमणीसारख्या पांढऱ्या, जाड अळ्या आहेत. अशी अळी म्हणजे मेजवानी. कवच नाही, नुसती चरबी.

शेवटचं अर्धं मिनिट

वेग सेकंदाला सुमारे वीस किलोमीटर. मुंबईहून पुण्याला सात-आठ सेकंदांत. दगड ईशान्येकडून तिरपा येतो आणि शंभर किलोमीटर जाडीचं वातावरण जेमतेम पाच-सहा सेकंदांत पार करतो.

शून्य

तो पडतो आजच्या मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पापाशी, उथळ समुद्रात. तिथं समुद्राखाली चुनखडी आणि जिप्समचे जाड थर आहेत. जिप्सममध्ये गंधक असतं. खोल समुद्रात पडला असता तर गोष्ट कदाचित वेगळी झाली असती. काही मिनिटांत तीसेक किलोमीटर खोल खड्डा पडतो, त्याच्या कडा कोसळतात, तळ उसळून वर येतो आणि मागे साधारण १८० किलोमीटर रुंदीचं विवर राहतं. मुंबईहून नाशिकला रस्त्यानं जायला जेवढं अंतर लागतं, त्याहून थोडं जास्त.

सुमारे चौदा हजार किलोमीटर दूर, कुजक्या पानांत, मादी अळी खाते आहे. काहीही झालेलं नाही. बेडूक ओरडत आहेत.

आघातानंतर २० मिनिटं

पहिली खबर जमिनीतून येते. पृथ्वीच्या गाभ्यातून वाकून आलेल्या भूकंपलहरी दख्खनखाली पोचतात. हलकी थरथर. बेडूक एकदम गप्प होतात. मादी गोठल्यासारखी थांबते, तोंडात अर्धी अळी. थरथर विरते. ती उरलेली अळी गिळते.

आघातानंतर १ तास

आता पृथ्वीच्या पाठीवरून फिरून आलेल्या लाटा. या सावकाश येतात, पण खऱ्या जोराच्या याच. रिश्टर मापात दहा-अकराच्या घरातला हा भूकंप होता, असा अंदाज आहे. माणसानं इतका मोठा भूकंप कधी अनुभवलेला नाही. दख्खनची जमीन गलबतासारखी संथपणे वर-खाली होते आणि हे खूप वेळ चालतं. झाडं डोलतात. ढोल्यांतले प्राणी बाहेर पडतात. तळं हिंदकळतं. एका काठाचं पाणी दुसऱ्या काठावर चढतं आणि परत येतं. २०११च्या ११ मार्चला जपानमध्ये भूकंप झाला तेव्हा थेट नॉर्वेच्या खाड्यांमधलं पाणी असंच हिंदकळलं होतं, आणि तो भूकंप यापुढे काहीच नव्हता.

मादी झाडावर असती तर काय झालं असतं, सांगता येत नाही. ती मुळांशी होती. हललेल्या मुळांखाली एक बीळ उघडं पडलं होतं, त्यात ती घुसली. हे मी तिच्यासाठी केलं आहे, कबूल आहे. कारण पुढचा तास उघड्यावर काढण्याजोगा नव्हता.

आघातानंतर दीड-दोन तास

वितळलेला दगड आघातानं अंतराळात उडाला होता. त्याचे रव्याहून बारीक काचेसारखे थेंब झाले आणि आता ते पृथ्वीभर परत पडत आहेत. प्रत्येक थेंब म्हणजे एक उल्का. अशा अब्जावधी उल्का एकाच वेळी. मध्यरात्रीच्या आकाशाला आधी लाली चढते, मग ते सगळंच पेटल्यासारखं दिसू लागतं. ना गडगडाट, ना वारा, नुसता उजेड. आणि त्या उजेडाची धग.

ही धग किती होती यावर वाद आहे. जुन्या गणितांप्रमाणे आभाळ तापलेल्या तव्यासारखं झालं होतं. नंतरच्या गणितांनी दाखवलं की पडणाऱ्या थेंबांचा थरच पुष्कळशी उष्णता अडवून धरतो. पण उघड्यावर असलेल्या जिवाला ती जाणवली, यात शंका नाही. सुटका दोनच ठिकाणी: पाण्यात किंवा मातीत. वीतभर माती डोक्यावर असली तरी पुरे. ज्याला लपायला वीतभरच जागा लागते, त्याची त्या रात्री सोय होती. ज्याचा देह लपवायला डोंगरसुद्धा पुरला नसता, तो डोंगरगावचा डायनोसॉर उघड्यावर उभा होता.

आघातानंतर ४ तास

आणि इथं दोन घड्याळं एकमेकांना भिडतात.

बाहेर धग आहे, राख आहे, जळक्या पानांचा वास आहे. आत पोट रिकामं होत आलं आहे. तिला प्रलय कळत नाही, भूक कळते. पृथ्वीच्या इतिहासातल्या सगळ्यात वाईट रात्रींपैकी एक चालू असताना ती बिळाच्या आत, ओल्या मातीत, नाकानं उकरू लागते. गांडूळ मिळतं. मग एक झुरळ. तेही धगीला भिऊन याच बिळात शिरलेलं. त्या रात्री जे जे लहान होतं ते जमिनीत गेलं आणि तिथं आधीपासून ही बसलेली.

आघातानंतर १२ तास

दुपार. आता आवाज येतो. हवेतून यायला त्याला अकरा-बारा तास लागले. १८८३ साली क्राकाटोआ फुटला तेव्हा हिंदी महासागरातल्या रॉड्रिग्ज बेटावर, जवळजवळ ४,८०० किलोमीटरांवर, तोफा डागल्यासारखा आवाज ऐकू आला होता. त्यावरून कल्पना करा. दुपारच्या अंधाऱ्या उजेडात हवेचा एक धक्का दख्खनवरून सरकत जातो. तळ्यावर तवंगासारखी राख तरंगते आहे.

आघातानंतर २४ तास

आघाताजवळ दीड किलोमीटर उंच उठलेली समुद्राची लाट अटलांटिक आणि पॅसिफिक ओलांडून दोन्ही बाजूंनी हिंदी महासागरात शिरते आहे. २०२२ साली छापलेल्या गणितांनुसार हिंदी महासागराला तिचा सगळ्यात मोठा मार बसला नाही. एवढं एक आपल्या वाट्याला बरं आलं.

मध्यरात्र. मादी बिळाबाहेर येते. तिच्या झाडाची पानं करपली आहेत. ती खोडावर चढते, ढोलीपर्यंत जाते, आत नाक घालते आणि परत उतरते.

यानंतर तास मोजण्यात अर्थ नाही. धूळ, काजळी आणि गंधकाचं धुकं यांनी सूर्य झाकला. झाडांचं अन्न बनवण्याचं काम जवळपास दोन वर्षं थांबलं असावं, असं २०२३चा एक अभ्यास सांगतो. उन्हाळी प्रदेश गारठले. पानं खाणारे उपाशी मेले, त्यांच्यामागून त्यांना खाणारे. पृथ्वीवरच्या दर चार जातींपैकी तीन नाहीशा झाल्या. जंगलं कोसळल्यामुळे झाडांवरच राहणाऱ्यांचे फार हाल झाले, आणि आपली मादी झाडावरची. तिच्या जातीला ही गोष्ट जड गेली असणार. पण पडलेलं लाकूड कुजतं. कुजक्या लाकडात बुरशी धरते, वाळवी लागते, अळ्या वाढतात. त्यांना सूर्य लागत नाही. जगभरची जंगलं आडवी झाली तेव्हा वाळवी खाणाऱ्यांसाठी कोठारं भरली.

इकडे लाव्हा थांबला नव्हता. आघाताच्या हादऱ्यानं दख्खनचे लोट अधिक मोठे झाले, असं मार्क रिचर्ड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली मांडलं. २०१९मध्ये दोन गटांनी खडकांची वयं वेगवेगळ्या पद्धतींनी काढली. एकाच्या हिशेबानं बहुतेक लाव्हा आघातानंतरचा, दुसऱ्याच्या हिशेबानं एक मोठा लोट आघाताच्या थोडा आधीचा. भूशास्त्रात या वरच्या थरांची नावं आपल्याच गावांची आहेत: पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. आंबेनळी घाटातून एसटी वळणं घेत वर चढते तेव्हा ती या वादातूनच वर चढत असते.

दख्खनच्या लुटारूचे दात या लाव्ह्याच्या थरांच्या वर कुठं मिळालेले नाहीत. त्याच्या नात्यातले प्राणी मात्र पुढच्या काळात आफ्रिकेत आणि युरोपात सापडतात. आणि सुरत जिल्ह्यातल्या वस्तानच्या लिग्नाइट खाणीत, आघातानंतर एक कोटी वर्षांहून अधिक काळानं साचलेल्या मातीत, भारतीय शास्त्रज्ञांना एक दात मिळाला. त्यांनी तो याच घराण्याच्या जवळचा मानला. त्या प्राण्याचं नाव अब्दुल कलामांवरून भारतलेस्टेस कलामेन्सिस. दात तसाच आहे. किडा फोडायचा.